गेलेल्या माणसाचे स्मरण आपण कसे ठेवणार?



दिनांक १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांस ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांपैकी सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष न करण्याची व पिंडदान न करण्याची आहे. आपण दीक्षा घेतली त्या दिवशी ही प्रतिज्ञा आपणही उच्चारली. पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत ताटकळणे संपले, तेराव्याच्या जेवणावळीसाठी सावकाराचा उंबरठा झिजविणे संपले, मेलेल्या माणसाच्या नावावर जिवंत माणसांस कर्जात बुडविणारी एक रूढी आपण उंबऱ्याबाहेर टाकली. हे फार मोठे कार्य झाले, यात शंका नाही.

परंतु वाचकहो, जुनी गोष्ट टाकली म्हणजे तिची जागा आपोआप भरत नाही. ज्या घरातला कर्ता पुरुष गेला, त्या घरातील पत्नीला, मुलांना आणि पुतण्यांना त्याचे स्मरण कोणत्या रीतीने ठेवावे, हा प्रश्न श्राद्ध टाकल्याने सुटत नाही. उलट तो तेथूनच सुरू होतो. याच प्रश्नाचा विचार आज आपण शांत चित्ताने करावा, अशी आमची विनंती आहे.

आपल्याकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कसा होतो, हे आठवून पाहा. नांदेड शहरातील वस्ती असो की लातूर जिल्ह्यातील एखादे खेडे, स्वरूप बहुधा एकच. मांडव घातलेला असतो. तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा, त्यांच्या शेजारी दिवंगताची तसबीर, मेणबत्त्या, अगरबत्त्या, त्रिसरण व पंचशील, जलदानविधी. इथपर्यंत सर्व यथायोग्य असते. नंतर वक्ते उठतात. एक जण चळवळीच्या सद्यःस्थितीवर बोलतो, दुसरा पुढाऱ्यांच्या फाटाफुटीवर बोलतो, तिसरा दिवंगत मनमिळाऊ होते, समाजसेवक होते, त्यांच्या जाण्याने न भरून येणारी हानी झाली, असे सांगून खाली बसतो. हे तिसरे भाषण तसबीर बदलून दुसऱ्या कोणत्याही मांडवात जसेच्या तसे चालेल! ज्या बाईने त्या माणसाशी चाळीस वर्षे संसार केला, ती मांडवाच्या कडेला पदर सावरून बसलेली असते. तिला कोणी विचारीत नाही. आपण 'कैलासवासी' हा शब्द टाकून 'कालकथित' हा शब्द स्वीकारला. त्या शब्दात कथन आहे. आपल्या कार्यक्रमात मात्र त्या माणसाचे कथनच नसते.

कोणी म्हणेल, एवढे काय त्यात? साध्या माणसाच्या आयुष्यात सांगण्यासारखे असते तरी काय? हा प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही एवढेच म्हणू की, ही भाषा आपली नव्हे. ही आपल्याला शिकविली गेलेली भाषा आहे. ज्यांच्या घराण्यांच्या वंशावळी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्या लिहिल्या गेल्या, त्यांना आपल्या पणजोबाचे नाव विचारले तर ते सांगू शकतात. आपल्या पणजोबाचे नाव कोणी लिहिले? गावाने त्याला एकेरी हाक मारली, आणि कारकुनाला कागदावर त्याची गरज पडली तेव्हा त्याने तीच एकेरी हाक नाव म्हणून टिपून ठेवली. इतिहास नाकारलेल्या समाजाने आपल्या माणसांचे जीवन विसरावे, यासारखे आपल्या विरोधकांना सोयीचे दुसरे काही नाही.

बाबासाहेबांनी याबाबतीत काय केले, हे पाहण्यासारखे आहे. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. पण तेही कोणाचे पती होते, पिता होते, चुलते होते. लहान वयातच पितृछत्र हरपलेला पुतण्या मुकुंद त्यांच्याच घरात वाढला. गंगाधर, रमेश, इंदू व राजरत्न ही चार अपत्ये त्यांनी गमावली. माता रमाईंचे निर्वाण २७ मे १९३५ रोजी झाले. पुढे १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. देशाच्या फाळणीसारख्या विषयावरील ग्रंथाच्या पहिल्या पानावर त्यांनी घरातल्या माणसाचे नाव लिहिले, आणि त्या मोजक्या ओळींत पत्नीच्या स्वभावाचे गुण नोंदविले. थोर माणसांची यादी करून रमाईंना तिच्या शेवटी बसविले नाही.

याहून अधिक बोलके उदाहरण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या लहानशा आत्मकथनाचे आहे. त्यात त्यांनी १९०१ सालची एक हकीकत सांगितली आहे. वडील रामजी सुभेदार दुष्काळी कामावर खजिनदार म्हणून साताऱ्यापासून दूर कोरेगावास होते. लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटण्यास आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. येण्याचे पत्र वडिलांच्या हाती पोहोचलेच नव्हते. मुलांची जात कळताच गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकायची या अटीवर एक गाडी मिळाली. रात्रभर मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. वास्तविक ही एका कुटुंबातील घरगुती आठवण. बापाचे हरवलेले पत्र, नव्या कपड्यांतली मुले, तहान. परंतु बाबासाहेबांनी ती तपशिलासह लिहून ठेवली म्हणून तीच आठवण अस्पृश्यतेविरुद्धची साक्ष झाली. त्याच लिखाणात १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यापाशी पाण्यावरून झालेल्या अपमानाची हकीकत आहे. ती तर आपल्या मराठवाड्यातील आहे. घरची आठवण तपशिलाने लिहिली म्हणजे ती समाजाची सनद होते, हा धडा यातून आपण घ्यावयाचा आहे.

आता आपल्याच भागातील एका माणसाकडे वळू. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यातील खेडोपाडी दलितांच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जाळली गेली, धान्य जाळले गेले, कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून निघाली. त्या आगीत ४ ऑगस्ट १९७८ रोजी नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावी पोचिराम कांबळे यांची क्रूरपणे हत्या झाली. ते मातंग समाजाचे होते. 'जय भीम' हा त्यांचा अपराध होता, आणि प्राणावर बेतले तरी त्यांनी तो सोडला नाही. नामांतराच्या लढ्यातील हुतात्म्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते, ते योग्यच आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव आले, तेव्हा त्या घटनेस साडेपंधरा वर्षे झाली होती.

वाचकहो, आम्ही येथे एक प्रश्न विचारतो, तो स्वतःलाही विचारतो. पोचिराम कांबळे म्हटले की आपल्याला काय आठवते? त्यांचा शेवटचा दिवस. त्यांना कसे गाठले, काय विचारले, त्यांनी काय उत्तर दिले, त्यांचा छळ कसा झाला, हे आपण भाषणांत आणि गीतांत ऐकतो. पण तो माणूस त्या दिवसापूर्वी हजारो दिवस जगला होता! त्याने भाकरी मिळविली होती, घर धरले होते, मुलांची चिंता वाहिली होती. ज्या गावात 'जय भीम' म्हणणे धोक्याचे होते, त्या गावात त्याच्या तोंडी तो शब्द एका दिवसात आला नसणार. स्वाभिमानाने जगण्याची जी रीत त्याने वर्षानुवर्षे अंगी बाणविली, तिचाच शेवटच्या दिवशी कस लागला. आपण कसोटीचा दिवस लक्षात ठेवतो आणि ज्या जीवनाने त्या कसोटीस उतरण्याची शक्ती दिली, ते जीवन मात्र विसरतो. मारेकऱ्यांनी त्यांचे आयुष्य एका दिवसावर आणून संपविले. आपणही त्यांना त्याच एका दिवसात कोंडून ठेवावे काय?

हीच गोष्ट गौतम वाघमारे यांची. नामांतरासाठी १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये नांदेड येथे या तरुणाने स्वतःस जाळून घेतले. त्यांच्या बलिदानापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु आपल्या मुलांच्या मनावर असा संस्कार होता कामा नये की, आपल्या माणसाची किंमत तो मेल्यावरच कळते आणि चळवळीला हवा असतो तो मृत्यू. नाही! चळवळीला जीवन हवे असते. बाबासाहेबांना आपल्याकडून शिकलेली, संघटित झालेली, दीर्घकाळ लढणारी माणसे हवी होती. ज्या समाजाच्या स्मरणात केवळ मृत्यूच असतात, त्या समाजाची मुले दुःखी होतील, संतप्तही होतील. पण जगावे कसे हे त्यांना कोण सांगणार? ते सांगणारी माणसे आपल्या घराघरांत होती, आणि आपण त्यांना विसरत चाललो आहोत.

कोण होती ही माणसे? आपल्या वडिलांचे नाव येथे घालून पुढील ओळी वाचा. कोणी नांदेडच्या उस्मानशाही गिरणीत साच्यावर उभा राहिला. आज ती गिरणी बंद आहे. कोणी लातूरच्या अडत बाजारात डाळीची आणि गुळाची ओझी पाठीवर वाहिली. १९७२ च्या दुष्काळात कोणी खडी फोडली, नाल्यांचे बांध घातले आणि कामावर मिळालेली सुकडी स्वतः न खाता मुलांसाठी फडक्यात बांधून आणली. कोणी १९५९ व १९६४ सालच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या हाकेस ओ देऊन तुरुंगाची वाट धरली. कोणी मेलेले जनावर ओढण्यास नकार दिला म्हणून गावाने त्याचे पाणी आणि किराणा बंद केला. कोणी स्वतः निरक्षर असून मुलाला औरंगाबादेस नागसेनवनात पाठविले, जेथे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय काढले होते. यांपैकी एकाचाही पुतळा नाही. पण यांच्यावाचून आज आपल्या घरात एकही शिक्षक, एकही परिचारिका, एकही इंजिनियर झाला नसता.

त्यातही एका नात्याविषयी मुद्दाम लिहावयास हवे. ते म्हणजे चुलत्याचे नाते. बापाचे स्मरण मुले ठेवतात, पतीचे स्मरण पत्नी ठेवते. काकाचे स्मरण कोण ठेवतो? आपल्या समाजातील एक अख्खी पिढी काकाच्या किंवा मामाच्या खोलीवर राहून शिकली आहे. शहरात एका खोलीत स्वतःची चार मुले, त्यांत गावाकडच्या भावाची दोन. काकाने पुतण्याची फी भरली आणि स्वतःच्या लेकीचे लुगडे पुढच्या पगारावर ढकलले. काकूने सहा ताटांत भाकरी वाढल्या आणि सातवे ताट, म्हणजे स्वतःचे, अर्धेच ठेवले. पुतण्या मोठा झाला, साहेब झाला, दुसऱ्या शहरी गेला. काका गेल्याची बातमी आली तेव्हा त्याला रजा मिळाली नाही. दिवंगताच्या आयुष्यातील कदाचित सर्वांत निःस्वार्थ भाग अशा रीतीने सर्वांत आधी पुसला जातो! तेव्हा वाचकहो, ज्यांचे शिक्षण काकाच्या खोलीवर झाले आहे, त्यांनी आजच लेखणी हाती घ्यावी. आणि पोचिराम कांबळे तुमच्या जातीचे नव्हते, रक्ताचे नव्हते, असे कोणी म्हणाले, तर त्याला सांगा की, ज्याने आमच्या 'जय भीम'साठी प्राण दिला तो आमचा चुलताच होय. रक्ताने ठरणारे नाते जातीपाशी थांबते. धम्माने ठरणारे नाते थांबत नाही.

आता पतीच्या स्मरणाविषयी. पती गेला की पत्नीच्या कपाळीचे कुंकू पुसावे, बांगड्या फोडाव्यात, मंगळसूत्र काढावे, ही रूढी म्हणजे त्याचे स्मरण नव्हे. ती जिवंत बाईला दिलेली शिक्षा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनानेही सर्व ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. समतेचा धम्म स्वीकारलेल्या आपल्या घरांनी या बाबतीत कोणत्याही ठरावाची वाट पाहावयास नको होती. आपण आपल्या अंतःकरणास विचारावे, आपल्या घरात हे खरोखरच थांबले आहे काय? ज्या माणसावर त्या माउलीने प्रेम केले, त्याच्या नावाने तिला विद्रूप करण्याऐवजी मांडवात पहिला आसनाचा मान आणि पहिला शब्द तिला द्या. तो कसा होता हे तिच्याइतके कोणासही ठाऊक नाही.

ती जे सांगेल ते सर्वच गोड असेल असे नाही. तो तापट होता, एकेकाळी दारू पीत होता, दीक्षेनंतर सोडली, पुन्हा एकदा प्याला, मग कायमची सोडली, असे ती सांगेल. सांगू द्या. आपल्याला वडिलांचा देव्हारा मांडावयाचा नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध देशास इशारा दिला होता. तो इशारा आपल्या घरालाही लागू आहे. पडलेला आणि पुन्हा उठलेला बाप नातवाला जितके शिकवील, तितके कधीच न पडलेला बाप शिकविणार नाही. सत्य सांगण्याने प्रेम कमी होत नाही. चौथे शील मृत माणसाविषयी बोलतानाही पाळावयाचे असते.

येथे कोणी धम्माचाच आधार घेऊन आक्षेप घेईल. सर्व संस्कार अनित्य आहेत असे तथागतांनी सांगितले. मग गेलेल्यात मन गुंतविणे ही आसक्ती नव्हे काय? हा आक्षेप वरवर खरा वाटतो, पण टिकत नाही. किसा गोतमी मेलेले मूल कडेवर घेऊन दारोदार औषध मागत होती. तथागतांनी तिला मृत्यू स्वीकारावयास शिकविले, बाळाला विसरावयास शिकविले नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर भिक्खुसंघाने पहिले काय केले? राजगृहास जमून, त्यांच्या सहवासात ज्याने जे ऐकले ते सर्वांसमक्ष आठवून सांगितले. ते स्मरण झाले नसते तर आज आपल्या हाती धम्म आला असता काय? थेरांच्या आणि थेरींच्या गाथा जतन झाल्या, त्यांत राजकुलातील जसे आहेत तसे झाडूवाले सुनीतही आहेत. शोकाला कवटाळणे ही आसक्ती. जीवनातले कुशल वेचून ठेवणे ही सम्यक स्मृती. सिगालोवाद सुत्तात मुलाची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत आईबापाच्या वारशास पात्र होणे आणि ते गेल्यावर त्यांच्या नावे दान करणे ही दोन आहेत. ज्याचा वारसा काय होता हेच ठाऊक नाही, त्या वारशास मुलगा पात्र कसा होणार?

स्मरणाचा हा विषय केवळ भावनेचा नाही, तो हक्कांचाही आहे. जातपडताळणी समितीपुढे आपल्या मुलामुलींस पूर्वजांचा पुरावा द्यावा लागतो, आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख पाहिली जाते. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान मिळाले. तरीही पूर्वजांच्या जातीचा व वास्तव्याचा कागद दाखवावाच लागतो. त्या तारखेस तुमचे आजोबा कोठे होते? त्या काळी आपला प्रदेश हैदराबाद संस्थानातून नुकताच मुक्त झाला होता. जुन्या दप्तरात अनेक नोंदी उर्दूत आहेत. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, पुढे उस्मानाबादेत आले, आणि लातूर जिल्हा झाला तो १९८२ साली. आजोबा कोणत्या गावचे, त्यांचे आडनाव आधी काय होते, कागदावर नाव कोणत्या रूपाने आले, ते कोणत्या शाळेत एखादे वर्ष तरी गेले काय, हे सांगणारे वृद्ध माणूस घरात असेपर्यंतच याचे उत्तर मिळते. नंतर कचेरीत चकरा मारणाऱ्या नातवाच्या हाती फक्त निराशा उरते.

गायरान जमिनीचेही तसेच. १४ एप्रिल १९९० पर्यंत मागासवर्गीयांनी गायरानावर केलेली अतिक्रमणे ठराविक अटींवर नियमानुकूल करण्याचा निर्णय राज्य शासनाने १९९१ साली केला. ज्या घरात वडिलांनी दंडाच्या पावत्या, पंचनामे, नोटिसा यांची चिरगुटात बांधलेली पुरचुंडी जपून ठेवली, त्या घराच्या हाती पुरावा होता. ज्या घराने जुना कचरा म्हणून ती पुरचुंडी चुलीत घातली, त्या घराच्या हाती फक्त घामाची आठवण राहिली. आणि कागदही किती नाजूक! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात धरणी हादरली. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेतच माती-दगडाच्या भिंतींखाली गेली. त्या ढिगाऱ्यांखाली पती गेले, पिते गेले, चुलते गेले. आणि ज्यांनी त्यांच्या गोष्टी सांगितल्या असत्या, ती माणसेही गेली. ज्याचे जीवन एकाच डोक्यात साठविले आहे, त्याचे स्मरण एका पहाटेत नष्ट होऊ शकते. म्हणूनच ते लिहून ठेवावयाचे, आणि एकाहून अधिक ठिकाणी ठेवावयाचे.

मग आपण काय करावे? आमची सूचना साधी आहे, तिला पैसा लागत नाही. प्रत्येक बौद्ध घराने एक वही घालावी. माणूस गेल्यावर घाईघाईने नव्हे. तो जिवंत असतानाच, त्याच्या शेजारी बसून. लिहिणारे नातू किंवा नात असावी, म्हणजे जे ऐकायचे ते ज्याला पुढे न्यावयाचे आहे त्याच्याच कानी पडेल. विचारावे: तुमचा जन्म कोठे झाला? पहिली मजुरी किती मिळाली? गावात पाणी कोठून भरत होता? दीक्षा कोठे घेतली, त्या दिवशी घरातले देव कोणी उचलले आणि कोठे ठेवले? आजी रडली काय? १९७८ साली तुम्ही कोठे होता? कोणी तुम्हाला आसरा दिला? हा शेवटचा प्रश्न अवश्य विचारावा. कारण त्या दिवसांत ज्यांनी दार उघडले, त्यांचे ऋणही आपल्या वहीत लिहिले गेले पाहिजे. आम्ही द्वेषाची खतावणी मांडीत नाही.

मग पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना झाल्यावर, भाषणांच्या आधी, त्या वहीतील चार पाने वाचावीत. प्रथम पत्नीने किंवा तिच्या वतीने कोणी वाचावे, मग मुलीने, मुलाने, आणि मग पुतण्याने. मुलीस वगळू नये. बापाचा स्वभाव लेकीइतका कोणास कळतो? वक्ते नंतर बोलतील, आणि त्यांचे भाषणही त्या दिवशी अधिक खरे होईल. जेवणाचा खर्च आटोपशीर ठेवून वाचलेल्या पैशांतून दिवंगताच्या नावे एखाद्या विद्यार्थ्याची परीक्षा फी भरावी, किंवा विहाराच्या ग्रंथालयास चार पुस्तके द्यावीत. वहीची एक प्रत विहारात ठेवावी. एका वस्तीत अशा पन्नास वह्या जमल्या म्हणजे नांदेड-लातूरच्या आपल्या समाजाचा जो इतिहास तयार होईल, तो कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही.

आणि येत्या ४ ऑगस्टला, जेव्हा आपण पोचिराम कांबळे यांना वंदन कराल, तेव्हा त्यांच्या मृत्यूची कथा सांगून थांबू नका. मुलांना सांगा की, तो एका घराचा कर्ता माणूस होता, त्याला जगण्याची आवड होती, आणि मान खाली न घालता जगावे एवढीच त्याची मागणी होती. मग घरी जा, दिवा लावा, कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या चुलत्याजवळ बसा आणि वही उघडा. त्याला म्हणा, काका, आज तुमचे सांगा. तो प्रथम म्हणेल, माझे काय सांगायचे बाबा, मजुरी केली न् पोट भरलं. तुम्ही लेखणी खाली ठेवू नका. थोड्या वेळाने तो बोलू लागेल.

जय भीम.